दीडशे शब्दांची परीक्षा

राज्यसेवा मुख्य परीक्षा पुन्हा वर्णनात्मक झाल्याने उत्तरलेखनाच्या शिस्तीला महत्त्व. माहितीच्या साठ्यापेक्षा मांडणी निर्णायक

पुणे : सदाशिव पेठ, नारायण पेठ आणि शास्त्री रस्त्याच्या परिसरातील अभ्यासिकांमध्ये दशकभराहून अधिक काळ एकाच पद्धतीची तयारी चालत आली. चार पर्यायांतून एक निवडावयाचा, उत्तरपत्रिकेवरील वर्तुळ शाईने भरावयाचे आणि चुकीच्या उत्तरासाठी गुण कापले जात असल्याने जेथे खात्री नाही तेथे वर्तुळ कोरे सोडावयाचे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेतील सामान्य अध्ययनाच्या पत्रिका २०१२ पासून वस्तुनिष्ठ झाल्या आणि या पद्धतीने उमेदवारांची एक संपूर्ण पिढी घडवली. २०२५ च्या परीक्षेपासून ही मुख्य परीक्षा पुन्हा वर्णनात्मक झाली आहे. उत्तर ओळखण्याची सवय झालेल्या हातांना आता उत्तर लिहावे लागणार आहे.

हा बदल सहजासहजी झालेला नाही. चंद्रकांत दळवी समितीच्या शिफारशींनंतर आयोगाने जून २०२२ मध्ये नवे स्वरूप जाहीर केले. ते २०२३ पासूनच लागू होणार होते. वर्षानुवर्षे वस्तुनिष्ठ पद्धतीने तयारी केलेल्या उमेदवारांना हा अवधी अपुरा वाटला आणि २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पुण्याच्या रस्त्यांवर त्यांची मोठी आंदोलने झाली. अखेर २३ फेब्रुवारी २०२३ रोजी आयोगाने अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे ढकलली. विद्यार्थ्यांची मागणी वेळेची होती आणि तो वेळ मिळाला. त्याचा उपयोग कसा झाला, याचे उत्तर आता उत्तरपत्रिकाच देतील.

नव्या रचनेत एकूण नऊ पत्रिका आहेत. मराठी आणि इंग्रजी या प्रत्येकी ३०० गुणांच्या भाषा पत्रिका केवळ अर्हताकारी असून त्यांत किमान २५ टक्के गुण आवश्यक आहेत. निबंध, सामान्य अध्ययनाच्या चार पत्रिका आणि वैकल्पिक विषयाच्या दोन, अशा प्रत्येकी २५० गुणांच्या सात पत्रिकांचे १,७५० गुण गुणवत्तेसाठी धरले जातात. मुलाखतीचे २७५ गुण मिळवून ही बेरीज २,०२५ होते. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ मध्ये स्वीकारलेल्या चौकटीशी ही रचना मिळतीजुळती आहे. साहजिकच, त्या परीक्षेत उत्तरलेखनाचे जे कौशल्य पणाला लागते, तेच आता उपजिल्हाधिकारी, पोलीस उपअधीक्षक किंवा तहसीलदार होऊ पाहणाऱ्या उमेदवाराकडूनही अपेक्षिले जाणार आहे.

मिनिटांचे गणित

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पत्रिकांचे उदाहरण घेतले, तर या कौशल्याचे स्वरूप स्पष्ट होते. प्रत्येक पत्रिकेत २० प्रश्न असतात. त्यांपैकी दहा प्रश्न १० गुणांचे असून त्यांना १५० शब्दांची, तर उरलेले दहा प्रश्न १५ गुणांचे असून त्यांना २५० शब्दांची मर्यादा असते. तीन तासांत, म्हणजे १८० मिनिटांत, सुमारे ४,००० शब्द लिहावयाचे असतात. लहान प्रश्नाला सात आणि मोठ्या प्रश्नाला अकरा मिनिटे दिली, तर वेळ बरोबर संपतो; मागे वळून पाहण्यास एकही मिनिट उरत नाही.

या गणिताचा पहिला निष्कर्ष असा, की उत्तर कसे लिहावे याचा विचार परीक्षागृहात नव्याने करता येत नाही. विचार विषयाचा करावयाचा असतो. मांडणीची पद्धत आधीच हाताला वळलेली असावी लागते. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. दीडशे शब्दांत विषयाची सर्व माहिती मावत नाही, मावावी अशी अपेक्षाही नसते. परीक्षकाला पाहावयाची असते ती उमेदवाराची निवड. उपलब्ध माहितीतून त्याने काय घेतले, काय सोडले आणि जे घेतले त्याचा प्रश्नाशी कोणता संबंध जोडला, यावर गुण अवलंबून असतात.

प्रश्न काय विचारतो?

लेखनातील बहुतांश चुका पहिला शब्द लिहिण्यापूर्वीच झालेल्या असतात. विद्यार्थी प्रश्नातील विषय वाचतो, परंतु प्रश्नातील क्रियापद वाचत नाही. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने अभिजात भाषेचा दर्जा दिला, हा विषय घेऊ. ‘या दर्जाचे महत्त्व स्पष्ट करा’ असे विचारले, तर दर्जा म्हणजे काय आणि त्याने संशोधन, अध्यापन व ग्रंथव्यवहाराला कोणत्या वाटा खुल्या होतात, एवढे पुरते. ‘या दर्जामुळे मराठीचे प्रश्न सुटतील काय? चिकित्सक परीक्षण करा’ असे विचारले, तर दर्जामुळे काय साध्य होते आणि काय होत नाही, या दोन्ही बाजू मांडून निर्णय द्यावा लागतो. मराठी शाळांची पटसंख्या, उच्च शिक्षणातील आणि न्यायव्यवहारातील भाषेचे स्थान हे मुद्दे पहिल्या उत्तरात अनावश्यक ठरतील; दुसऱ्यात ते नसतील, तर उत्तर अपुरे राहील.

‘स्पष्ट करा’ म्हणजे कार्यकारणभाव उलगडा. ‘चर्चा करा’ म्हणजे विविध बाजू मांडून निष्कर्षाकडे या. ‘मूल्यमापन करा’ म्हणजे निकष ठरवून यशापयश तोला. ‘तुलना करा’ म्हणजे दोन्ही गोष्टींना एकच मापदंड लावा. शालान्त परीक्षेपासून ‘टिपा लिहा’, ‘कारणे द्या’, ‘थोडक्यात उत्तरे लिहा’ या आज्ञा विद्यार्थ्याच्या परिचयाच्या असतात. मात्र तेथे प्रश्न कोणताही असला, तरी गाइडमधील तोच परिच्छेद बहुधा चालून जातो. स्पर्धा परीक्षेत तो चालत नाही, कारण प्रश्न पाठ्यपुस्तकातील धड्यावर नसून धड्याच्या उपयोगावर असतो.

प्रश्नाचे भाग मोजणे ही दुसरी सवय. एका वाक्यात अनेकदा दोन, क्वचित तीन मागण्या दडलेल्या असतात. ‘कारणे सांगून उपाय सुचवा’ या प्रश्नात कारणांवर १२० शब्द खर्च करणारा विद्यार्थी उपायांसाठी जागा ठेवत नाही आणि त्या भागाचे गुण हातचे घालवतो. प्रश्नपत्रिकेवर पेन्सिलीने क्रियापद अधोरेखित करून मागण्यांना एक, दोन असे आकडे घालण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

एक प्रश्न, दोन उत्तरे

उदाहरणादाखल पुढील प्रश्न पाहावा. ‘मराठवाड्यातील पाणीटंचाई ही जितकी निसर्गाची, तितकीच नियोजनाची समस्या आहे. चर्चा करा. (१५० शब्द, १० गुण)’

या प्रश्नाचे सर्वसाधारण उत्तर कसे सुरू होते, हे सांगण्यास ज्योतिषी नको. ‘पाणी म्हणजे जीवन. पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याने व्यापलेला असला तरी पिण्यायोग्य पाणी अत्यल्प आहे...’ चाळीस-पन्नास शब्द खर्ची पडतात आणि मराठवाडा अद्याप आलेला नसतो. त्यानंतर कमी पाऊस, वृक्षतोड, लोकसंख्यावाढ, प्रदूषण अशी कोणत्याही जिल्ह्याला लागू पडणारी कारणे येतात. मग ठिबक सिंचन, जनजागृती, शासनाची इच्छाशक्ती ही उपायांची माळ आणि शेवटी पाण्याचा प्रत्येक थेंब वाचविण्याचे आवाहन. यातील एकही विधान खोटे नाही. तरीही उत्तर म्हणून ते जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण प्रश्नाने जो वाद उभा केला होता, त्याला ते स्पर्शच करीत नाही.

त्याच प्रश्नाचे दुसरे उत्तर असे लिहिता येईल :

‘मराठवाड्यातील टंचाईचे मूळ निसर्गात असले, तरी तिची तीव्रता नियोजनातील उणिवांमुळे वाढली आहे.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या प्रदेशात पाऊस कमी आणि अनियमित पडतो. कठीण बेसॉल्ट खडकात भूजल साठण्यास मर्यादित वाव असल्याने एखादे वर्ष कोरडे गेले, तरी विहिरी आटतात.

मात्र याच प्रदेशात उसासारख्या अधिक पाणी लागणाऱ्या पिकाचा विस्तार झाला आणि कूपनलिकांद्वारे भूजलाचा उपसा वाढला. गोदावरी खोऱ्यात वरच्या भागातील धरणे आणि जायकवाडी यांच्यातील पाणीवाटपाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. मांजरा धरण आटल्यावर एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी द्यावे लागले. मोठ्या शहराला भरवशाचा पर्यायी स्रोत नसणे हा नियोजनाचा दोष होता.

तथापि २०१४ आणि २०१५ या लागोपाठच्या दोन वर्षांत पाऊस कमी पडला होता. अशा काळात उत्तम नियोजनानेही टंचाई पूर्णतः टळली नसती. तिची झळ कमी झाली असती.

म्हणून पाण्याच्या उपलब्धतेनुसार पीकरचना, जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा, २००५ मधील समन्यायी वाटपाच्या तरतुदीची अंमलबजावणी आणि शहरांसाठी पर्यायी स्रोत हे तीन उपाय एकत्रितपणे योजणे आवश्यक आहे.’

हे उत्तर दीडशे शब्दांच्या आत संपते. त्यातील माहिती दुर्मीळ नाही. वर्तमानपत्र नियमित वाचणाऱ्या आणि राज्याचा भूगोल अभ्यासलेल्या कोणत्याही उमेदवाराजवळ ती असते. फरक मांडणीचा आहे. पहिल्याच वाक्यात प्रश्नाचे उत्तर दिले आहे. त्यापुढील दोन परिच्छेद प्रश्नातील दोन शब्दांचे, ‘निसर्ग’ आणि ‘नियोजन’ यांचे, ऋण फेडतात. नियोजनाला अधिक जागा दिली आहे, कारण लेखकाचा कौल तिकडे आहे. चौथा परिच्छेद स्वतःच्या मताची मर्यादा मान्य करतो. ‘चर्चा करा’ या आज्ञेचे पालन तेथे होते. शेवटी सुचविलेल्या तीनही उपायांची मुळे वर सांगितलेल्या दोषांत आहेत. एकही उपाय आयत्या वेळी आकाशातून पडलेला नाही.

विधान, आधार, अर्थ

या रचनेचे सूत्र साधे आहे. प्रत्येक परिच्छेदात एक विधान असावे, त्याला एक आधार असावा आणि त्या आधाराचा प्रश्नाशी असलेला अर्थ सांगणारे एक वाक्य असावे. लातूरच्या रेल्वेचा उल्लेख हा आधार झाला. ‘भरवशाचा पर्यायी स्रोत नसणे हा नियोजनाचा दोष होता’ हा त्याचा अर्थ. हे शेवटचे वाक्यच बहुतेक उत्तरांतून गळालेले असते. विद्यार्थी घटना सांगतो आणि पुढे जातो. तिचा अर्थ परीक्षकाने लावून घ्यावा, अशी त्याची अपेक्षा असते. शेकडो उत्तरपत्रिका तपासणाऱ्या व्यक्तीकडून ती बाळगणे व्यवहार्य नाही.

आधार कोणता घ्यावा, याचाही विवेक हवा. आकडेवारीचा सोस अनेकांना असतो. परंतु चुकीचा आकडा संपूर्ण उत्तरावरील विश्वास घालवतो. ज्या आकड्याविषयी खात्री नाही, तो न लिहिता कायदा, वर्ष, स्थळ किंवा घटना यांपैकी जे पक्के ठाऊक आहे त्याचा आधार घेणे शहाणपणाचे. एका उत्तरात दोन-तीन नेमके आधार पुरतात.

अडीचशे शब्दांचे उत्तर म्हणजे दीडशे शब्दांचे उत्तर फुगवलेले नव्हे. मोठ्या उत्तरात अधिक बाजू येतात आणि एखाद्या बाजूचे दोन पोटभाग पडू शकतात. वाढवावयाचा असतो तो युक्तिवाद, प्रस्तावना नाही. प्रस्तावनेला दोन्हीकडे एक-दोन वाक्यांहून अधिक जागा मिळू नये.

मुद्द्यांत लिहावे की परिच्छेदांत, हा वाद अभ्यासिकांमध्ये नेहमी रंगतो. कारणे किंवा उपाय यांसारखी यादी असेल, तर मुद्दे सोयीचे. कार्यकारण जोडावयाचे असेल, तर परिच्छेद हवा. निव्वळ मुद्द्यांनी लिहिलेल्या उत्तरात ‘म्हणून’, ‘मात्र’, ‘तथापि’, ‘परिणामी’ हे शब्द नाहीसे होतात. विचार दिसतो तो याच शब्दांतून.

मराठी माध्यमाचा प्रश्न

मराठीतून उत्तरे लिहिणाऱ्यांसमोर आणखी एक अडचण असते. त्यांचे बरेचसे वाचन इंग्रजी साधनांच्या अनुवादावर आधारलेले असते आणि त्या अनुवादाची अवघडलेली वाक्ये उत्तरात उतरतात. ‘च्या संदर्भात’, ‘च्या माध्यमातून’, ‘च्या अनुषंगाने’ अशा शब्दांनी चार ओळींचे वाक्य तयार होते आणि कर्ता कोण हे कळेनासे होते. ‘शासनाच्या माध्यमातून अंमलबजावणी करण्यात येत आहे’ यापेक्षा ‘शासन अंमलबजावणी करीत आहे’ हे लहान आणि स्पष्ट. मर्यादा शब्दांची असताना दोन शब्दांची अशी बचत प्रत्येक वाक्यात झाली, तर एका उत्तरात एका अधिक मुद्द्याला जागा होते.

पारिभाषिक शब्दांबाबत सातत्य महत्त्वाचे. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांत बहुतेक संज्ञांना मराठी प्रतिशब्द उपलब्ध आहेत. जेथे प्रतिशब्द रुळलेला नाही, तेथे इंग्रजी संज्ञाच देवनागरीत लिहिण्यात कमीपणा नाही. एकच संकल्पना एका उत्तरात तीन नावांनी येणे मात्र गोंधळाचे लक्षण ठरते.

थोड्या जागेत ठाम युक्तिवाद करण्याची परंपरा मराठीला नवी नाही. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात शतपत्रे लिहिली, ती अशाच आटोपशीर लेखांची मालिका होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली. शाळेतील निबंधाने मात्र या परंपरेपेक्षा ऋतुवर्णनाची आणि आत्मकथनाची वाट धरली. भाषा फुलविण्यास ती उपयुक्त असेल. मत मांडून ते सिद्ध करण्याचा सराव तिच्यातून घडत नाही. ही उणीव विद्यार्थी विशी-पंचविशीत, घरापासून दूर खोली घेऊन राहताना भरून काढू पाहतो.

तयार साच्यांचा बाजार

अशा वेळी साचे विकणारे पुढे येतात, यात नवल नाही. परीक्षा बदलली की तिच्याभोवतीची बाजारपेठही बदलते. ठरावीक प्रस्तावना, ठरावीक समारोप, कोणत्याही विषयाला लागू पडणारी सुभाषिते आणि आकृत्या यांचे संच विद्यार्थ्यांच्या हाती पडतात. त्यांचा धोका उघड आहे. हजारो उत्तरपत्रिका एकाच वाक्याने सुरू होऊ लागल्या, की ते वाक्य परीक्षकाच्या दृष्टीने अस्तित्वातच राहत नाही. वस्तुनिष्ठ परीक्षेतील पाठांतराला पर्याय म्हणून वर्णनात्मक परीक्षा आणली आणि तेथेही पाठांतरच आले, तर बदलाचा हेतूच पराभूत होईल.

उत्तरलेखनाचा सराव वास्तविक फार खर्चाचा नाही. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका केंद्रीय आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. रोज दोन प्रश्न, घड्याळ लावून, हाताने लिहिणे आणि दुसऱ्या दिवशी ते परक्या नजरेने वाचणे, एवढ्याने पुष्कळ प्रगती होते. दोन-तीन सहाध्यायांनी उत्तरे आपापसांत बदलून तपासावीत आणि तीनच गोष्टी पाहाव्यात. पहिल्या दोन वाक्यांत उत्तर मिळाले काय? प्रत्येक मागणीला जागा मिळाली काय? एखादे वाक्य काढून टाकले, तर काही बिघडते काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ते वाक्य उत्तरात नको होते. नांदेडच्या किंवा गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला यासाठी पुणे गाठावे लागत नाही.

अर्थात, सर्व भार विद्यार्थ्यांवर टाकून व्यवस्थेला मोकळे होता येणार नाही. वस्तुनिष्ठ परीक्षेत उत्तरतालिका प्रसिद्ध होते आणि तिच्यावर हरकत घेता येते. वर्णनात्मक उत्तराला अशी एकच तालिका नसते. दोन परीक्षकांच्या गुणदानात तफावत पडू शकते. मराठी आणि इंग्रजी माध्यमांच्या उत्तरपत्रिका एकाच काट्याने तोलल्या गेल्या, याची खात्री उमेदवारांना हवी असते. परीक्षकांचे प्रशिक्षण, नमुना उत्तरांची चौकट, गुणांचे समानीकरण आणि निकालाचे वेळापत्रक या बाबतींत आयोग जितका पारदर्शक राहील, तितका नव्या पद्धतीवरचा विश्वास वाढेल. अतिवृष्टीमुळे सप्टेंबर २०२५ मधील पूर्वपरीक्षा ९ नोव्हेंबरपर्यंत पुढे गेली, तेव्हा उमेदवारांनी परिस्थिती ओळखली होती. संदिग्धता मात्र त्यांना सोसवत नाही.

फायलीवरची टिपणी

वर्णनात्मक परीक्षा हवी कशाला, असा प्रश्न अजूनही विचारला जातो. त्याचे उत्तर शासकीय कार्यालयातील कोणत्याही फायलीत सापडते. तेथे अधिकाऱ्यासमोर चार पर्याय छापलेले नसतात. प्रकरण काय आहे, वस्तुस्थिती कोणती, नियम काय सांगतो, दुसरी बाजू कोणती आणि प्रस्ताव मान्य करावा किंवा कसे, हे त्याला अर्ध्या पानाच्या टिपणीत मांडावे लागते. टँकरची मागणी असो, भूसंपादनाचा मोबदला असो वा पीकनुकसानीचा पंचनामा असो, त्या अर्ध्या पानावर कोणाचे तरी पाणी, जमीन किंवा हंगाम अवलंबून असतो. संदिग्ध टिपणी फाईल पुन्हा खाली पाठवते आणि अर्जदाराला आणखी एक हेलपाटा घालावयास लावते.

दीडशे शब्दांचे उत्तर हे त्या टिपणीचे पहिले प्रशिक्षण आहे. प्रश्न नीट वाचणे, मत स्पष्ट सांगणे, त्याला आधार देणे, विरुद्ध बाजूची दखल घेणे आणि अमलात येईल असा मार्ग सुचविणे, ही शिस्त परीक्षेपुरती राहू नये. ती अंगी बाणलेला उमेदवार निवडला गेला, तर त्याचा लाभ तालुक्याच्या कचेरीबाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला होईल. निवडला न गेला, तरी नीट विचार करून नेमके लिहिता येणे ही त्याची कमाई कोणताही निकाल हिरावून घेऊ शकणार नाही.